मौजे तळघर

मिनेसोटात डिसेंबरात पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतो आणि त्या थंडीत आमची गाडी रात्रभर उघड्यावर असते. गॅरेज नाही असं नाही. चांगलं दोन गाड्यांचं आहे. पण त्यात खोकी आहेत. रिकामी. घरं तळघरात, घरांची खोकी गॅरेजात आणि गाडी बाहेर, अशी आमच्याकडची वाटणी आहे. सकाळी मी काचेवरचा बर्फ खरवडतो, दारातला फावड्याने उपसतो, तो रस्त्याकडेला नेऊन टाकतो आणि नाकाचा शेंडा जागेवर आहे ना, हे चाचपत घरात येतो. तेवढ्यात तळघरातून बायकोची हाक येते, "अरे, संध्याकाळी येताना बर्फाच्या दोन पिशव्या आणशील का? चर्चपुढे कमी पडलाय."

"आत्ताच अर्धा टन टाकून आलोय. त्यातला चालेल?"

"तो वितळतो."

बाहेरचा बर्फ एप्रिलपर्यंत तसूभर हलत नाही, हे मला पाठीच्या मणक्यापर्यंत ठाऊक आहे. पण तळघरातल्या हवामानाबद्दल मला मत नसतं. मी मुकाट्याने जातो आणि प्लास्टिकचा पांढरा कीस पैसे मोजून घेऊन येतो. काउंटरवरची मुलगी एकदा पिशव्यांकडे बघते, एकदा खिडकीबाहेर बघते आणि माझ्याकडे बघायचं टाळते.

नाताळच्या सुमारास इथल्या पुष्कळ घरांत असं एक छोटं गाव वसतं. चिनीमातीच्या वीतभर उंचीच्या इमारती, प्रत्येकीत एक दिवा, खिडक्यांतून पिवळा उजेड. घरं, चर्च, पोस्ट, रेल्वे स्टेशन, गोठलेलं तळं आणि त्यावर खालच्या चुंबकाच्या जोरावर गोल गोल घसरणारी पोरं. सभ्य माणसं हे सगळं फायरप्लेसवरच्या फळीवर मांडतात आणि फळी संपली की थांबतात. आमची फळी संपली तेव्हा आधी पुस्तकांचं कपाट गेलं, मग जेवणाचं टेबल गेलं. आम्ही महिनाभर मांडीवर ताटली घेऊन जेवलो. आता तळघरात लाकडी घोड्यांवर प्लायवूडचे तक्ते टाकून कायमचं गावठाण केलं आहे.

सुरुवात एका बेकरीने झाली. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा शेजारच्या आजींनी ती आणून दिली. "तुमच्या पहिल्या नाताळसाठी," म्हणाल्या. बेकरी तळहातावर मावते. छपरावरचा बर्फ ओघळून वळचणीपाशी थबकलेला, दारावर नखाएवढी हिरवी माळ, माळेवर लाल ठिपका. खिडकीत पाव मांडलेत. रंगवणाऱ्या माणसाने त्यांच्यावर तपकिरी रंगाचे फटकारे मारलेत, पण शेवटच्या पावाशी त्याची सुट्टी झाली असावी; तो पांढराच राहिलाय. मागच्या भिंतीला रुपयाएवढं भोक. वायरीच्या टोकाचा बल्ब त्यातून आत सारायचा आणि चिमटा बसवायचा. दिवा लागला की तो कच्चा पावसुद्धा भाजल्यासारखा दिसतो. पहिल्या रात्री ही त्या पावाकडे किती तरी वेळ बघत बसली होती. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण मी त्या वेळी सोफ्यावर आडवा होऊन फोन बघत होतो.

"एकटी बेकरी बरी नाही दिसत," ही दुसऱ्या दिवशी म्हणाली. तिचं म्हणणं रास्त होतं. बेकरीला गिऱ्हाईक हवं, गिऱ्हाइकाला राहायला घर हवं, घरातल्या माणसांना रविवारी जायला चर्च हवं, चर्चला पाद्री हवा, पाद्र्याला घर हवं आणि पाद्र्याच्या घरापासून बेकरी लांब पडते म्हणून आणखी एक बेकरी हवी. दुसऱ्या बेकरीलाही गिऱ्हाईक हवंच. या हिशेबाला कुठे खोट काढावी, हे मला आजतागायत सापडलेलं नाही.

दुर्दैव असं की या उद्योगाचं मूळ आमच्याच राज्यात आहे. मिनियापोलिसमधल्या एका जुन्या फूलविक्रेत्या कंपनीच्या हिशेबाच्या वहीत घाऊक भेटवस्तूंच्या खात्याचा क्रमांक होता ५६. त्या खात्यातून पुढे जी कंपनी निघाली, तिने नावाचा विचार करण्यात वेळ घालवला नाही. 'डिपार्टमेंट ५६' असंच नाव ठेवलं. उद्या आपल्या मंत्रालयातल्या आवक-जावक विभागाने नाताळची खेळणी विकावीत, तसं. १९७६ साली त्यांनी पहिल्या सहा इमारती काढल्या आणि त्यांना 'स्नो व्हिलेज' म्हटलं. कंपनी सांगते ती कथा अशी, की काही मित्रमंडळी नाताळात स्टिलवॉटर नावाच्या नदीकाठच्या जुन्या गावी गेली, तिथली दिव्यांची आरास बघून हरखली आणि हे गाव घरी नेता आलं तर, असं त्यांना वाटलं. माणसाला सहलीत असं काहीबाही वाटतं. महाबळेश्वरला गेल्यावर आपल्यालाही वाटतं. आपण स्ट्रॉबेरी घेऊन परत येतो.

स्टिलवॉटर आमच्यापासून गाडीने फार लांब नाही, त्यामुळे आमची वारी ठरलेली. खरं गाव, खरे दिवे, खालून सेंट क्रॉय नदी, तिच्यावर १९३१ सालचा उचलता पूल, पलीकडे विस्कॉन्सिन राज्य. आजूबाजूची माणसं फोटो काढत असतात. ही पुलाकडे डोळे बारीक करून बघते आणि म्हणते, "आपल्याकडे पूल नाही रे."

"आपल्याकडे नदी नाही."

"पूल घेतला की नदी करता येते." (येते. निळा सेलोफेन, वर पारदर्शक गोंद. माझी एक विजार अजून नदीत आहे.)

मी कधी खर्चाचा विषय काढलाच तर ही परंपरेवर येते. पेनसिल्व्हेनियातले मोरेव्हियन पंथाचे जर्मन लोक नाताळच्या झाडाखाली येशूजन्माच्या देखाव्याभोवती अख्खं गाव मांडायचे. १९२०-३०च्या दशकांत जपानहून पुठ्ठ्याची चमकी लावलेली घरं यायची आणि इथे स्वस्त वस्तूंच्या दुकानांत काही सेंटांना मिळायची. त्यांनासुद्धा दिव्यासाठी मागे भोक असायचं. "म्हणजे शंभर वर्षांची पद्धत आहे ही," ती म्हणते. मी म्हणतो, पद्धत पुठ्ठ्याची होती, काही सेंटांची होती. पण तोवर ती तळघरात उतरलेली असते.

१९८४ साली त्याच कंपनीने 'डिकन्स व्हिलेज' काढलं आणि पुष्कळ संसारांची घडी बदलली. चार्ल्स डिकन्सने १८४३ मध्ये 'अ ख्रिसमस कॅरोल' लिहिलं. त्यातल्या स्क्रूजची पेढी आमच्याकडे आहे, त्याच्या कारकुनाचं घर आहे. हा स्क्रूज गोष्टीत इतका चिकट, की कारकुनाच्या शेगडीत एकुलता एक निखारा असावा एवढाच विस्तव. आमच्या तळघरात मात्र त्याच्या पेढीत ऑक्टोबरपासून दिवा जळतोय आणि बिल मी भरतो. त्याच मालिकेतली १९८५ सालची एक गिरणी आहे, अवघे २,५०० नग काढलेली. ती ही अधूनमधून स्वप्नात बघते. आम्ही ज्वारीचं पीठ भारतीय वाण्याकडून आणतो, गव्हाचं पोत्याने आणतो, आमच्या घरात दळायला काही नाही. पण गिरणी हवी.

या धंद्यातली खरी मेख म्हणजे निवृत्ती. इथे माणसांआधी इमारती निवृत्त होतात. कंपनी दरवर्षी यादी जाहीर करते, अमुक चर्च, तमुक हॉटेल निवृत्त. यापुढे बनणार नाही. की लगेच ते घ्यायला धावाधाव. निवृत्तीनंतर किंमत वाढते, असं हिने मला कधीकाळी समजावलं होतं. नव्वदच्या दशकात वाढतही होती म्हणे. पण ज्यांनी तेव्हा घेऊन ठेवली ते आता सगळे म्हातारे झाले, मुलांच्या घरी जागा नाही, त्यामुळे जुन्या बाजारात एकेकाळची मानाची चर्चं पडेल भावात बसलेली असतात. "म्हणजे आपण बुडालो," मी म्हणालो. "म्हणजे आत्ता स्वस्त आहेत!" ही म्हणाली आणि गाडीची किल्ली उचलली. खोकी फेकायची नाहीत, हा नियमही त्यातूनच आलाय. मूळ खोकं आणि आतला थर्माकोलचा साचा असेल तरच वस्तूला किंमत. तो साचा एकाच बाजूने बसतो. ती बाजू कोणती, हे जानेवारीत खोकी भरताना अख्खं घर करकरून दुमदुमेपर्यंत कळत नाही.

तर असं आमचं मौजे तळघर बिनबोभाट वाढत होतं. कर भरत होतो, बर्फ आणत होतो. मग आप्पा आले.

आप्पा म्हणजे माझे सासरे, वाई तालुक्यातले निवृत्त तलाठी. अमेरिकेला येणारे आईवडील उन्हाळ्यात येतात. आप्पांनी तिकिटांचे दर बघितले आणि ऑक्टोबरात आले. पहिले दोन दिवस झोपले. मग एक दिवस लेकीने कौतुकाने तळघरात नेलं, दिवे मालवून गावाचं बटण दाबलं. माझ्या ओळखीतला प्रत्येक माणूस या क्षणी 'वाऽ' म्हणतो. आप्पा चष्मा वर करून वाकले, तक्त्याभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले,

"हद्द कुठवर?"

"कसली हद्द, आप्पा?"

"गावाची. चतुःसीमा सांग. पूर्वेला काय?"

"पूर्वेला वॉशिंग मशीन," मी म्हणालो. आप्पांनी खिशातून डायरी काढली आणि ते लिहून घेतलं.

त्या दिवशी मी माझ्या सासऱ्यांना पहिल्यांदा ताठ बसलेलं बघितलं. इथे आल्यापासून ते बिचारे सोफ्याच्या कडेवर टेकून असायचे. टीव्हीचा रिमोट समजेना, नातवाचं मराठी समजेना, बाहेर पडावं तर कानाची पाळी गोठते. आणि इथे एकाएकी पायाशी बिनतलाठ्याचं एक अख्खं गाव.

तपासणी तीन दिवस चालली.

"चर्च किती म्हणालीस?"

"सात."

"घरं पंचवीस आणि देवळं सात? बरं. शाळा?"

"आहे एक. ती लाल."

"पाण्याची टाकी?"

"नाही."

"पाणंद रस्ता सोडलेला दिसत नाही. हा गडी बेकरीतनं घरी जायचा तर चर्चमधनं जाणार का? आणि स्मशानभूमी?"

"आप्पा, नाताळचं गाव आहे!"

"नाताळात माणसं मरत नाहीत?"

मला वाटलं, आता ही चिडेल. पण हिचा चेहरा उजळला. "मिळते की! हॅलोवीनच्या गावांत असते स्मशानभूमी. फाटकावर कावळा बसलेला." पुढल्या आठवड्यात स्मशानभूमी घरी आली. त्यानंतर मला त्या दोघांच्या कामाची पद्धत लक्षात आली. आप्पांनी त्रुटी काढायची, लेकीने कॅटलॉग काढायचा आणि मी कार्ड काढायचं. पाण्याची टाकी आली. दवाखाना आला. "गावात सोसायटी नाही," असं आप्पा म्हणाले तेव्हा मी मध्ये पडलो आणि अमेरिकेत विविध कार्यकारी सोसायट्या नसतात, हे शपथेवर सांगितलं.

अडचण फक्त माणसांची. या गावांतली माणसं इमारतींच्या मापाची नसतात. कोणत्याही कंपनीचं गाव घ्या, इमारत लहान आणि माणूस मोठा. आमच्या पोस्टमनची टोपी पोस्टाच्या माडीला लागते. घोडागाडी स्टेशनापेक्षा उंच आहे. आप्पांनी एका बाईला उचलून तिच्या घराच्या दाराशी लावून बघितलं. दार तिच्या कमरेपर्यंत.

"ही या घरात राहते कशी?"

"कागदोपत्री राहते," मी म्हणालो.

"म्हणजे रेशनकार्डापुरती," आप्पा म्हणाले आणि त्यांचं समाधान झालं. तलाठ्याला याहून वेगळं गाव कुठे बघायला मिळालंय?

त्यांनी एका मोठ्या वहीत गाव नमुने आखले. प्रत्येक इमारतीचा सात-बारा. भोगवटादार: स्क्रूज. पीक: निरंक. इतर हक्कात: मागील भिंतीस भोक, वायरीचा वहिवाटीचा हक्क. एखादी इमारत इकडची तिकडे हलवायची तर हिला आता फेरफार घालावा लागायचा, आणि आप्पा जिन्याच्या कठड्यावर नोटीस चिकटवायचे, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. मला पद मिळालं कोतवालाचं. मानधन काही नाही. दवंडी पिटायची, साहेबांना चहा आणायचा आणि वायरी बघायच्या.

वायरींचं सांगायचं राहिलं. प्रत्येक इमारतीची वायर वेगळी, प्रत्येक वायरीला वेगळं बटण. तक्त्याखाली वाकून बघितलं की गाव वरून जितकं सुबक, तितकं खालून भयंकर. इमारतींचा आकडा साठीकडे गेला तशी गावाला वीज पुरेनाशी झाली. आप्पांना तळघरात थंडी वाजते म्हणून मी छोटा हीटर आणला, तो लावला आणि गाव गडप. मुख्य पेटीतलं बटण पडलेलं. ते उचललं, गाव आलं. हीटर लावला, गाव गेलं. आप्पांनी डायरीत हिशेब मांडला. "लाइन पंधरा अँपियरची. व्होल्टेज एकशे वीस. म्हणजे अठराशे वॅट. तुमचा हीटर खातोय पंधराशे. राहिले तीनशे. बल्ब साठ, पाच-सात वॅटचा एक धरा. शिवाय घसरणारी पोरं." त्यांनी पेन टोपणात घातलं. "भारनियमन करावं लागणार, जावईबापू."

"हीटर बंद करू या," ही म्हणाली.

"आणि आप्पा?"

"आप्पांना स्वेटर आहे. गावाला आहे का?"

याला आप्पांनी मान डोलावली, यावरून लेक कोणावर गेली हे मला कळलं. शेवटी मी साठच्या साठ बल्ब एलईडीचे केले. हीटरसाठी दुसऱ्या खोलीतून वायर ओढली. ती वायर नळाच्या पायपाला सुतळीने बांधलेली बघून आप्पांना वाईची आठवण आली.

मग दुर्घटना घडली. प्लास्टिकचा बर्फ एकदा घरात शिरला की त्याला ऋतू राहत नाही. तो गालिच्यात असतो, सॉक्समध्ये असतो. मे महिन्यात आमटीत तरंगताना मी खोबरं समजून खाल्लेला आहे. म्हणून घरभर आपोआप फिरणारं झाडूयंत्र आणलं होतं. एका दुपारी ते तळघरात बर्फ गिळत गिळत गेलं, तक्त्यावरून लोंबणारा कापसाचा पदर त्याने तोंडात धरला आणि ओढला. पदरासोबत टेकडीचा उतार आला. उतारावरून दोन मेंढ्या, एक बाक आणि आमचा उंच पोस्टमन खाली आला. मेंढ्या वाचल्या. पोस्टमन आत गेला.

मी यंत्र उघडून त्याला काढणार, तोच आप्पा ओरडले, "हात लावू नका! पंचनामा व्हायचाय!"

पंचनामा झाला. पंच म्हणून मी, माझा मुलगा आणि पिझ्झा घेऊन आलेला एक तरुण. 'सदर इसम बॅग हातात असलेल्या स्थितीत कचऱ्याच्या डब्यात मिळून आला. डावा हात मिळून आला नाही.' पिझ्झावाल्या तरुणाने मराठी मजकुराखाली न वाचता सही केली आणि टीप घेऊन गेला. इतकी वर्षं मी इथे राहतो, पण सरकारी कामात इतकं सहकार्य करणारा नागरिक मला दुसरा भेटलेला नाही. डाव्या हाताशिवायचा पोस्टमन आप्पांनी अनुकंपा तत्त्वावर पोस्टातच बैठ्या कामाला लावला. बसल्यामुळे त्याची उंचीही मार्गी लागली.

एवढ्यात दिवाळी आली आणि नातवाला किल्ला हवा झाला. बाहेर अंगणातली माती दगडासारखी झालेली. आप्पा येताना सामानातून मावळे घेऊन आले होते, कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून. एक तोफ, एक वाघ आणि सिंहासनावर बसलेले महाराज. जागा एकच, तळघर. आणि तिथे गावठाणाच्या उत्तरेला हिने नाताळच्या डोंगरासाठी घरबांधणीच्या दुकानातून गुलाबी फोमचे जाड तक्ते आणून ठेवलेले.

"हा डोंगर का बर्फी?" आप्पांनी विचारलं. मग बागकामाच्या दुकानातून मातीची पोती आली, गोणपाट आलं, आणि आजोबा-नातवांनी बर्फीवर माती थापून प्रतापगड उभा केला. बुरूज, तटबंदी, गुहा, गुहेत वाघ. उतारावर मोहरी पेरली. दिव्याखाली ती चांगली तरारली. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत हिरवी म्हणावी अशी तेवढीच जमीन होती.

दिवाळी झाली की किल्ला मोडतात. पण मुलगा मोडू देईना आणि आप्पांनी तर गडाची गावदप्तरी नोंद केलेली. इकडे हिला डोंगर हवा, कारण डोंगरमाथ्यावर स्की करणाऱ्यांचं हॉटेल बसायचं होतं. ते एक दिवस तिने तिथे ठेवलं.

आप्पा काही बोलले नाहीत. जेवलेसुद्धा नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "महाराजांच्या डोक्यावर हॉटेल?"

तातडीची ग्रामसभा झाली. ठराव असा झाला की माथ्यावर महाराजच राहतील, हॉटेल पायथ्याला येईल आणि स्की करणाऱ्यांनी चढताना पायऱ्या वापराव्यात. बर्फाचा प्रश्न त्यानंतर दोन दिवस अडला. ही म्हणे, अख्ख्या गावात बर्फ आणि डोंगर तेवढा हिरवा, कसं दिसेल? आप्पा म्हणे, जावळीत बर्फ पडल्याची नोंद दप्तरात नाही. शेवटी गडाच्या दुसऱ्या बुरुजाशी सुतळीने हिमरेषा आखली. तिच्या खाली इंग्लंड, वर सातारा जिल्हा. तिथून महाराज स्क्रूजच्या पेढीवर थेट नजर ठेवून असतात. या घडीला पेढीचा व्यवहार सरळ चालला असावा.

नाताळच्या आधीच्या शनिवारी आम्ही शेजाऱ्यांना गाव बघायला बोलावतो. बेकरी देणाऱ्या आजी आल्या, त्यांचे यजमान आले. आजींचा स्वतःचा संग्रह आमच्या तिप्पट. त्यांना खोकं न बघता इमारतीचं साल सांगता येतं. त्या तक्त्याच्या कडेने सरकत, मान डोलावत उत्तरेला पोचल्या आणि थांबल्या. वाकून बघितलं. चष्मा बदलून बघितलं.

"हे कुठल्या मालिकेतले?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा पुढे झाले. त्यांनी वाईहून आणलेलं कोट-टोपीचं दप्तरी रूप आज चढवलेलं होतं. "धिस," ते म्हणाले, "अवर किंग."

"अप्रतिम! निवृत्त झालेत का?"

मी भाषांतर केलं. आप्पांचा चेहरा कडक झाला. "त्यांना सांगा, महाराज निवृत्त होत नाहीत. निवृत्त आम्ही होतो. आणि आमची किंमत वाढत नाही म्हणावं, उलट कोणी चहाला विचारत नाही."

मी त्यातलं जेवढं सांगण्याजोगं होतं तेवढं सांगितलं. आजी गंभीर झाल्या. "नग किती काढले होते?"

"वन ओन्ली," आप्पा म्हणाले.

आजींनी छातीवर हात ठेवला. त्यांच्या क्षेत्रात इतका दुर्मीळ नग त्यांनी ऐकला नव्हता. फराळाच्या ताटलीतली चकली तशीच हातात धरून त्या वही बघायला बसल्या. आप्पांनी त्यांना नमुने उलगडून दाखवले: हा मालक, हा वहिवाटदार, हे क्षेत्र, ही हरकत. माझं भाषांतर अर्ध्या वाटेत बंद पडलं, पण त्यांचं अडलं नाही. 'अतिक्रमण' म्हणजे काय, हे आप्पांनी मेंढी उचलून पाद्र्याच्या आवारात ठेवून दाखवलं. आजींनी तिथेच मान वळवून आपल्या यजमानांकडे बघितलं.

यजमानांची रेल्वे आहे. त्यांच्या लहानपणीची, रुळांवरून धावणारी, स्टेशन-फाटकासकट. आजींचं गाव आणि त्यांची रेल्वे एकाच तळघरात असतात आणि त्यांनी या वर्षी रूळ आजींच्या चर्चच्या मागच्या दारातून नेला होता. बोलचाल बंद होती, हे आम्हाला त्या क्षणी कळलं. दोघं आमच्याकडे येताना वेगवेगळ्या दिशांनी का आले, याचाही उलगडा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींचा फोन. आप्पा मोजणीला येतील का?

वास्तविक मोजणी हे तलाठ्याचं काम नव्हे, ते भूमी अभिलेखवाल्यांचं. पण अमेरिकेत कोण विचारतो? आप्पांनी हिची शिवणकामाची टेप घेतली, पट्टी घेतली, मला काखेत वही दिली आणि माझे बर्फातले बूट घालून निघाले. तिथे त्यांनी दोन्ही पक्षांना तक्त्याच्या दोन बाजूंना उभं केलं, रूळ मोजले, चर्चचं आवार मोजलं, यजमानांना इंजिन मागे घ्यायला लावलं आणि आजींनी दिलेला चहा 'चौकशी चालू आहे' म्हणून नाकारला. यजमानांनी दिलेली कॉफीही नाकारली. मी दोन्ही प्यालो.

"रेल्वे सार्वजनिक हिताची आहे," घरी येताना ते म्हणाले. "भूसंपादन करावं लागेल. बाईंना मोबदला चौपट मिळाला पाहिजे. हा माणूस कुकीज देऊन मिटवायला बघतोय."

"मग निकाल काय दिलात?"

आप्पा वाटेतच थांबले. त्यांच्या मिशीवर बर्फ जमला होता. खरा.

"पहिल्या भेटीत निकाल देतात का कोणी? शुक्रवारी सुनावणी ठेवलीय. तुम्ही दुभाषी म्हणून या. आणि बाईंना आधीच सांगून ठेवा, शुक्रवारी तारीख पडणार आहे."